‘एकाकी’ लिहिण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईच्या पानांवर ज्येष्ठांच्या बातम्या आता वरचेवर असतात. फोनवरून झालेली फसवणूक, भरदुपारची चोरी, घरात पडल्यामुळे दार तोडून बाहेर काढावे लागलेले आजोबा. अशा बातम्यांच्या मथळ्यात ‘एकाकी’ हा शब्द जवळपास ठरलेलाच असतो: ‘एकाकी वृद्धेला गंडा’, ‘एकाकी ज्येष्ठांची यादी होणार’. खालचा मजकूर वाचावा तर त्या बाई सकाळी बागेत योगासनांच्या गटात असतात, आठवड्यातून दोनदा भजनाला जातात, मुलगी दोन स्टेशने पलीकडे राहते आणि घराची एक किल्ली शेजारणीकडे असते. त्या घरात एकट्या राहतात, एवढेच त्या बातमीवरून सिद्ध होते. एकाकी आहेत की नाहीत हे फक्त त्याच सांगू शकतात. ‘एकटा’ आणि ‘एकाकी’ हे शब्द वृत्तपत्रांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्याचा त्रास जिवंत माणसांना होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी ‘एकाकी’. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातले 52वे सूत्र आहे, ‘एकादाकिनिच्चासहाये’. ‘एक’ या शब्दाला ‘आकिनिच्’ प्रत्यय लावावा, पण कोणत्या अर्थी? ‘असहाये’, म्हणजे सहाय नसताना. सहाय म्हणजे मुळात बरोबर चालणारा, सोबती. पैसाअडका किंवा सरकारी मदत हा ‘साहाय्य’चा पुढचा अर्थ झाला. प्रत्ययाचा उच्चारापुरता भाग गळून ‘आकिन्’ उरतो, त्यातून ‘एकाकिन्’ आणि प्रथमेचे रूप ‘एकाकी’. माणूस एक आहे एवढेच सांगायचे तर ‘एक’ पुरे होता. वेगळा प्रत्यय लावावा लागला तो सोबत नसल्याचे सांगण्यासाठी. याच सूत्रातल्या ‘च’ने ‘एकक’ हेही रूप सिद्ध होते. ते मराठीत मोजमापाकडे गेले, लांबीचे एकक आणि एकक-दशकातले एकक म्हणून. एकाच सूत्रातून निघालेला एक शब्द गणितात गेला आणि दुसरा मनाच्या अवस्थेत.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या ब्राह्मणात हा शब्द लागोपाठ दोनदा येतो. आरंभी एकच असलेला तो पुरुष घाबरला, ‘तस्मादेकाकी बिभेति’, म्हणून एकाकी माणसाला भीती वाटते. मग त्याने विचार केला की दुसरे कुणी नाहीच तर भ्यायचे कुणाला, आणि भीती गेली. पण तरीही ‘स वै नैव रेमे, तस्मादेकाकी न रमते’. भीती विचाराने गेली, न रमणे मात्र गेले नाही. त्याने दुसऱ्याची इच्छा केली. ‘रमणे’ हे क्रियापद आपण आजही त्याच अर्थाने वापरतो. ‘मुलगा होस्टेलवर रमला का?’, ‘आईचं मन इकडे रमत नाही’. एकाकीपणाची मराठी कसोटी हीच आहे. घरात माणसे किती हे विचारून तो कळत नाही, मन रमते का हे विचारल्यावर कळतो. पाच माणसांच्या घरातली सासू एकाकी असू शकते आणि एकटा राहणारा निवृत्त शिक्षक मजेत रमलेला असू शकतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला दहावा श्लोक याच्या विरुद्ध साक्ष देतो असे कुणी म्हणेल. तिथे योगी ‘रहसि स्थितः’ आणि ‘एकाकी’ असावा असे सांगितले आहे, दुःखाचा मागमूस नाही. बरोबर आहे. संस्कृतात ‘एकाकी’ला अशी निर्विकार छटाही आहे. मराठीत मात्र तो शब्द शतकानुशतके न रमण्याच्या बाजूला झुकत गेला आणि आज त्याला ती छटा उरलेली नाही. त्या श्लोकाचा मराठी अर्थ देताना ‘एकांतात, एकट्याने’ असेच लिहावे लागते.

‘एकटा’ याला यातले काहीच माहीत नाही. तो फक्त मोजतो. ‘एक’ला ‘टा’ लागला आणि धाकटा, चोरटा, गोमटा यांच्या रांगेत बसणारा अस्सल देशी शब्द झाला. त्याचा जुना भाऊ ‘एकला’. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या प्राकृत व्याकरणात ‘नव’ आणि ‘एक’ या दोन शब्दांना विकल्पाने ‘ल्ल’ लागतो असा नियमच दिला आहे: नवल्ल, एकल्ल. नव्याची जी नवलाई असते ती या पहिल्याच्या गोतातली. दुसऱ्याच्या गोतात गुजराती ‘एकलो’, कोकणी ‘एकलो’, बंगाली ‘एकला’, हिंदी ‘अकेला’ आणि आपल्या ओव्या-अभंगांतला ‘एकला’. म्हणूनच 1905 सालच्या रवींद्रनाथांच्या गीतातले ‘एकला चलो रे’ मराठी मथळ्यांत भाषांतराशिवाय बसले. महापालिका निवडणुकीत युती तुटली की ते हमखास छापून येते. खरे तर तिथे ‘स्वबळावर’ म्हणायचे असते. त्या गीतातली हाक ऐकून कुणीच आलेले नसते, आणि युती बहुधा आलेल्याला परत पाठवून तुटलेली असते.

‘एकटा’ किती निर्विकार आहे हे त्याच्या वापरांवरून पाहावे. ‘एकट्या ठाणे जिल्ह्यात’ म्हणजे फक्त ठाणे जिल्ह्यात. ‘तिने एकटीने घर बांधलं’ यात दया नाही, कौतुक आहे. ‘एकटा जीव सदाशिव’ म्हणताना तर हेवाच वाटत असतो. ‘एकट्यादुकट्याने जाऊ नये’ ही येऊरच्या रस्त्यावर बिबट्या दिसला की दिली जाणारी सूचना. त्यातला ‘दुकटा’ स्वतंत्र कुठे भेटत नाही, एकट्याच्या हाताला धरूनच येतो. आणि ‘एकेकटे’ म्हणजे प्रत्येकजण वेगवेगळा. व्याकरणही वेगळे आहे. ‘एकटा’ लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, एकटा, एकटी, एकटे, एकट्या, आणि विभक्ती घेतो, एकट्याने, एकटीला. ‘एकाकी’ मराठीत बदलत नाही. एकाकी बाई, एकाकी माणसे, एकाकी घर. भाववाचक नामे ‘एकटेपण’ आणि ‘एकाकीपण’, किंवा शेवटी ‘पणा’ लावून. मजकुरात कधी कधी दिसणारे ‘एकाकीत्व’ आणि ‘एकांतपणा’ ही दोन्ही रूपे टाकून द्यावीत.

मराठीने या बाबतीत आणखी दोन शब्द दिले आहेत, ते घोडदळातून आलेले, आणि ते आपण विसरत चाललो आहोत याचे वाईट वाटते. एक ‘एकांडा’. मराठी फौजेत बारगिराला सरकारी घोडा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई. त्यातही कुणाच्या पथकात न मोडता एकट्याने चाकरीला राहणारा स्वार तो एकांडा. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘एकांडे’ हा स्वारांचा वेगळा वर्ग म्हणूनच येतो. तिथून ‘एकांडा शिलेदार’ हा वाक्प्रचार आला. एखाद्या प्रश्नावर एकट्याने वर्षानुवर्षे लढणाऱ्या माणसासाठी तो आजही चपखल आहे, कारण त्यात स्वतःचा घोडा, म्हणजे स्वतःची साधने, हा अर्थ दडलेला आहे. तलाव वाचवण्यासाठी किंवा खारफुटीसाठी स्वखर्चाने न्यायालयात जाणाऱ्याला ‘एकाकी लढा देणारे’ म्हटले की तो बिचारा वाटू लागतो. ‘एकांडे शिलेदार’ म्हणावे.

दुसरा ‘सडा’. सडी फौज म्हणजे सामानसुमान, बाजार आणि बुणगे मागे ठेवून निघालेली फौज. ‘सडे होऊन जाणे’ ही जुन्या पत्रांतली नेहमीची बोली. भार नाही म्हणून चपळ, हा त्यातला गाभा. ज्याच्यामागे बायकामुलांचा व्याप नाही तो ‘सडा माणूस’ आणि त्याचीच वाढलेली आवृत्ती ‘सडाफटिंग’. दारातला शेणसडा किंवा कोकणातला कातळाचा सडा यांच्याशी या अर्थाचा संबंध जोडू नये. नोकरीनिमित्त ऐरोलीत खोली घेऊन राहणारा तरुण पूर्वीच्या मराठीत सडा होता. आता तो ‘बॅचलर’ झाला आणि भाड्याची जागा मिळवताना त्याची दमछाक होते.

‘एकांत’ सर्वांत चुकीचा समजला गेलेला. एक अधिक अंत, म्हणजे एक टोक, एक बाजू. वर्दळीपासून एका टोकाला असलेली जागा, असा तो अर्थ चालत आला. ‘टोक’ हा मूळ अर्थ ‘ऐकांतिक’मध्ये ठळक दिसतो. ऐकांतिक भूमिका म्हणजे टोकाची, दुसरी बाजूच न मानणारी. जैन दर्शनातला अनेकांतवाद याच ‘एकान्ता’च्या विरुद्ध उभा आहे. तेव्हा ‘ऐकांतिक जीवन’ असे लिहून ‘एकांतातले जीवन’ अभिप्रेत असेल तर अर्थ पार उलटतो. तुकोबांच्या ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ या ओळीतला ‘वास’ राहण्याचा आहे. आणि तिथे सोबत नाही असेही नाही. वृक्षवल्ली सोयऱ्या आहेत, पक्षी आळवीत आहेत, आणि शेवटी ‘आपुलाचि वाद आपणांसी’ चाललेला आहे. त्या अभंगातला माणूस पुरता रमलेला आहे. तुकोबांना एकाकी म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही.

एकांताला माणूस एकच लागतो असेही नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. राजा आणि प्रधान एकांतात बोलतात. नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. एका खोलीच्या घरात सहा माणसे झोपतात तेव्हा नवराबायकोला एकांत नसतो, म्हणून ती दोघे ठाण्याच्या तलावपाळीला किंवा वाशीच्या सागर विहारला जाऊन बसतात. तिथेही शेकडो माणसे असतात, पण ओळखीचे कुणी नसते. एकांत मोजायचा तर तिऱ्हाइताची अनुपस्थिती मोजावी लागते. म्हणून ‘एकांतात असलेले दोघे’ ही विसंगती नाही.

याच शब्दाच्या शेजारी ‘लोकांत’ येतो आणि तिथे गंमतीदार गोष्ट घडते. ‘लोकांत’ हे ‘लोक’ शब्दाचे सप्तमीचे अनेकवचन, म्हणजे लोकांमध्ये. ‘एकांत’ हे नाम, त्याची सप्तमी ‘एकांतात’ किंवा जुन्या वळणाने ‘एकांती’. दोन्हींचा शेवट सारखा ऐकू येतो म्हणून कवींनी आणि वक्त्यांनी त्यांची जोडी लावली. हळूहळू ‘लोकांत’ हेही नाम वाटू लागले आणि त्याला दुसऱ्यांदा सप्तमी लागून ‘लोकांतात’ हे रूप तयार झाले. व्याकरणदृष्ट्या तो दुहेरी प्रत्यय आहे. ललित लेखनात खुशाल असावा. बातमीत ‘लोकांत’ किंवा ‘लोकांमध्ये’ लिहावे.

मुलांबद्दल लिहिताना ‘एकलकोंडा’ आणि ‘एककल्ली’ यांची गल्लत होते. एकलकोंडा हा स्वभाव आहे. त्याला माणसांत मिसळणे नको असते. एककल्ली माणसाला माणसे चालतात, पण विषय एकच चालतो, तो आपलेच घोडे दामटत राहतो. शाळेतल्या एखाद्या मुलाला डब्याच्या सुट्टीत कुणी जवळ घेत नसेल तर तो एकलकोंडा नाही, त्याला एकटे पाडले आहे. ‘एकटा पडला’ आणि ‘एकटे पाडले’ या दोन क्रियापदांत जबाबदारी कुणाची हे मराठी स्वच्छ सांगते. बातमीत ‘एकलकोंडा मुलगा’ असे छापले की दोष आपोआप त्या मुलावर जातो. हे गंभीर आहे. ‘विजनवास’ (जन नाहीत तिथला वास) राजकारण्यांकडे राहू द्यावा, आणि 2020 मध्ये घरोघरी पोचलेले ‘विलगीकरण’ रुग्णालयाकडे.

आता ‘एकल’. प्रशासनाने आणि स्त्री-संघटनांनी हा शब्द जाणीवपूर्वक वापरात आणला आणि तो चांगला शब्द आहे. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अविवाहित या सगळ्यांना एका नावाखाली आणताना कुणाच्या कपाळावर नवऱ्याच्या असण्या-नसण्याचा शिक्का नको, हा हेतू. पण ‘एकल’ हा सामाजिक दर्जा आहे, घरातल्या माणसांची संख्या नाही. दिवा इथे सासू आणि दोन मुलांसह राहणारी विधवा ‘एकल महिला’ आहे, एकटी नाही. खारघरमध्ये एकटी राहून बँकेत नोकरी करणारी आणि नवरा पुण्यात असणारी बाई एकटी राहते, एकल नाही. यांतली पहिली ‘निराधार’ आहे का, हा आणखी तिसरा प्रश्न. संजय गांधी निराधार अनुदान योजनेमुळे त्या शब्दाला उत्पन्नाची अट चिकटलेली आहे. मथळ्यात ‘एकल’च्या जागी ‘निराधार’ घातले की वाचणारी बाई आपण पात्र नाही असे समजून अर्जच करत नाही, किंवा पात्र नसताना तहसील कार्यालयात खेपा घालते.

ही सरमिसळ होते कुठे? बरीचशी भाषांतराच्या टेबलावर. इंग्रजी ‘अलोन’ म्हणजे मुळात ‘ऑल वन’, सर्वस्वी एक. त्याचा सुरुवातीचा स्वर गळून ‘लोन’ झाला आणि त्यावरून ‘लोनली’. शब्द एकाच घरातले असले तरी अर्थ फारकत घेतलेले आहेत. ‘अलोन’ला ‘एकटा’, ‘लोनली’ला ‘एकाकी’, ‘सॉलिट्यूड’ला ‘एकांत’ अशी मराठीत सरळ व्यवस्था असताना वृत्तसंस्थेच्या मजकुरातले ‘लिव्हिंग अलोन’ ‘एकाकी जीवन’ होते आणि ‘लोनलिनेस’ ‘एकटेपणा’ होतो. चूक दोन्ही दिशांनी होते. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये एका मंत्र्याकडे जो विषय दिला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2023 मध्ये सामाजिक नात्यांविषयी आयोग नेमला, तो एकाकीपणासाठी. एकट्याने राहण्याला कुणी आजार म्हटलेले नाही. ‘एकटेपणा आरोग्याला घातक’ असा मथळा वाचून मुले आईला तिच्या ठाण्यातल्या घरातून, तिच्या बागेतून आणि भजनातून उचलून दुसऱ्या शहरात नेतात, आणि ती तिथे खरोखर एकाकी होते.

दोन्ही गोष्टी मोजण्याच्या पद्धतीही निराळ्या आहेत. एकटे राहणारे किती, हे जनगणनेसारख्या मोजणीतून कळते. एकाकीपणासाठी प्रश्नावली लागते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1978 मध्ये तयार झालेली 20 विधानांची मोजपट्टी त्यासाठी जगभर वापरली जाते. 2004 मध्ये तिचे तीन प्रश्नांचे छोटे रूप आले. सोबतीची उणीव किती वेळा जाणवते, आपल्याला वगळले आहे असे किती वेळा वाटते, इतरांपासून तुटल्यासारखे किती वेळा वाटते. क्वचित किंवा कधीच नाही याला 1, कधी कधी याला 2, बऱ्याचदा याला 3 गुण. बेरीज 3 ते 9. या तीन प्रश्नांत ‘एकाकी’ हा शब्द कुठेच नाही, कारण तो विचारला की माणसे संकोचाने ‘नाही’ म्हणतात. आणि पहिलाच प्रश्न सोबतीचा आहे, पाणिनीच्या ‘असहाये’चा.

उपसंपादकांसाठी रीत सोपी आहे. ‘एकाकी’ टाइप करण्यापूर्वी मजकुरात त्या व्यक्तीचे स्वतःचे सांगणे आहे का ते पाहावे. ‘करमत नाही’, ‘बोलायला कुणी नाही’, असे काही. नसेल तर ‘एकट्या राहणाऱ्या’ लिहावे. मथळ्यात तेवढी जागा नसेल तर विशेषण गाळावे, बातमीचे काही बिघडत नाही. मृत्यूच्या बातमीत जास्त जपावे, कारण तिथे ती व्यक्ती खुलासा करायला नसते आणि ‘एकाकी मृत्यू’ हे शब्द तिच्या मुलाबाळांवरचा आरोप होऊन बसतात.

सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ आणि पोलीस ठाण्यांच्या अर्जांतही हेच. ‘एकाकी ज्येष्ठांनी नावे नोंदवावीत’ अशी सूचना फलकावर लावली की नाव नोंदवणारा सगळ्या इमारतीसमोर आपले कुणी नाही असे जाहीर करतो. कोण येईल? ‘घरात एकटे असता का’ असे विचारावे आणि पुढे तीन चौकोन द्यावेत: दिवस-रात्र, फक्त दिवसा, फक्त रात्री. ठाण्यात आणि नवी मुंबईत मधला चौकोन फार महत्त्वाचा आहे. मुलगा-सून सकाळी आठची लोकल पकडतात, रात्री साडेआठला परततात, नातू शाळेतून क्लासला जातो. शिधापत्रिकेवर पाच नावे असलेल्या घरातल्या आजी बारा तास एकट्या असतात, आणि ‘एकाकी’च्या यादीत त्या कधीच येत नाहीत. चोर येतो, गॅस गळतो, पाय घसरतो, ते याच बारा तासांत. त्या चौकोनांखाली दोन रकाने पुरेत: दुसरी किल्ली कुणाकडे आहे, आणि पाच मिनिटांत पोचू शकेल अशा शेजाऱ्याचा फोन नंबर.

आपला,
एक मुद्रितशोधक
नौपाडा, ठाणे